लाल तो उजवा

लंडन,
१० फेब्रुवारी १९५८

प्रिय हेप्सी,

कर्नल पार्जिटर गेले.

घाबरू नकोस, मेले नाहीत. वरच्या सभागृहात गेले. महाराणींनी त्यांना लॉर्ड केलं. आमच्याकडे या दोन गोष्टींत फारसा फरक करत नाहीत, पण मला मात्र घरचं माणूस गेल्यासारखं झालंय.

तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस. इथं मत द्यायला हात वर करायचा नसतो. चालायचं असतं. घंटा वाजली, की सभापतींच्या खुर्चीमागून येणाऱ्यानं 'हो' म्हणायचं असेल तर उजवीकडच्या दारात शिरायचं आणि 'नाही' म्हणायचं असेल तर डावीकडच्या. मग दारं लावतात नि डोकी मोजतात. शेकडो वर्षांची लोकशाही म्हणतात ती एवढीच. बावीस वर्षं मी डावं-उजवं बघायच्या भानगडीत पडलोच नाही. कर्नलसाहेबांचं टक्कल जिकडे, तिकडे मी. युद्ध, रेशन, रेल्वे, सगळ्यांवर मी त्या टकलामागूनच मत दिलं आणि एकदाही चुकलो नाही. आता तसं टक्कल कुठून आणू? नवे खासदार सगळे भरघोस केसांचे. गेल्या आठवड्यात मी 'हो' म्हणायला निघालो आणि भांडी घासायच्या खोलीत पोचलो. तिथल्या बायकांनी चहा दिला म्हणून बरं.

आई माझ्या मनगटाला लाल लोकर बांधायची, आठवतं? "लाल तो उजवा." तशी एक बांधून देशील का? स्वतःची स्वतःला बांधता येत नाही, कारण कुठल्या हाताला बांधायची हाच तर प्रश्न आहे. घरमालकिणीला सांगायची लाज वाटते. तूच ये. संसदेच्या सज्ज्यावर, नदीकाठी बसवून चहा पाजतो.

आपल्याकडच्या धरणाचं विधेयक महिनाअखेरीस मतदानाला येतंय. माझ्या भावना तुला ठाऊकच आहेत.

जाता जाता, व्हिटबीचं मावशीचं घर रिकामं पडलंय. खिडकीतून समुद्र दिसतो. हवा कोरडी. सहज आपलं सांगितलं.

तुझा,
ऑसवल्ड


काळा मेंढा, थॉर्नबेक,
१४ फेब्रुवारी

प्रिय ऑझी,

पत्र मिळालं. नेहमीसारखं अर्धं वाचलं, अर्ध्यावर शाई फासलेली. एवढा खासदार झालास, पण लिहिता लिहिता ओल्या अक्षरांवरून हात घासत न्यायची खोड गेली नाही. मास्तरांच्या छड्या फुकट गेल्या म्हणायच्या.

समुद्राकाठची हवा कोरडी? मग आमच्याकडची काय म्हणायची, भाजलेली?

तुझ्या भावना मला ठाऊक आहेत म्हणतोस. कधी कळवल्या होत्यास? बावीस वर्षांत तू सभागृहात दोनदा बोललास. पहिल्यांदा मेंढ्यांवर, ते भाषण मी लिहून दिलं होतं. दुसऱ्यांदा "कुणीतरी ती खिडकी लावा हो, वारा येतोय", ते तुझं स्वतःचं. दुसरं जास्त रंगलं असं सगळे म्हणतात. तरी दर निवडणुकीला लोक तुलाच मत देतात, कारण तुझ्यासमोर उभा राहणारा दर खेपेला शहरातून येतो आणि चिखल बघून तोंड वाकडं करतो.

आता इकडची हकिगत. मोजणीवाले येऊन चर्चच्या आवारात खुंट्या ठोकून गेले. धरण झालं की पाणी कळसावरच्या पत्र्याच्या कोंबड्याच्या पायाशी लागणार म्हणे. माझी ही 'काळा मेंढा' खाणावळ पार तळाला. आईबाबांची थडगी उचलून दुसरीकडे नेऊ म्हणाले. आईला जिवंतपणी खुर्चीवरून कुणी उठवू शकलं नाही, हे उचलणार! शहराला पाणी हवं हे मलाही कळतं रे, गिरणीतल्या पोरींनाही तहान लागते. पण वरच्या खडकाळ खोऱ्यात एक माणूस राहत नाही, तिथं बांधायला कष्ट जास्त म्हणून आम्ही बुडायचं?

काल बियर पिताना जेब लोहार म्हणाला, "हेप्सी, तुझा भाऊ हाय ना तिथं संसदेत?" म्हटलं, आहे. म्हणाला, "मग बोटीसाठी फळ्या आणाया लागतील." आणि खरंच आणल्या. दारात रचून ठेवल्यात.

सरळ विचारते. तू कुठल्या दारानं जाणार आहेस?

२६ तारखेला येते. लोकर घेऊन.

हेप्सी


संसदेचं वाचनालय, लंडन,
२७ फेब्रुवारी, दुपार

प्रिय हेप्सी,

गाडीत जागा मिळाली ना? लोकर छान बसली आहे. बाहीखाली कुणाला दिसत नाही, पण मला नुसतं हाताला लागलं तरी धीर येतो. तू काल आणलेला आल्याचा केक मी एकट्यानं संपवला.

काल चहाच्या वेळी फॅनशॉ मध्येच येऊन टपकला, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. तो आमच्या पक्षाचा प्रतोद. प्रतोद म्हणजे चाबूक, तेव्हा वागणं नावाप्रमाणंच. "तुमच्या बंधूंच्या उद्याच्या मताबद्दल आम्ही निर्धास्त आहोत, बाई. लवकरच त्यांना मत्स्यखात्याचे उपमंत्री म्हणून बघाल," असं तो म्हणाला, त्याचा तू भलता अर्थ काढू नकोस. ही माणसं असंच गोडगोड बोलतात.  त्यानंतर लोकर बांधताना तुझी गाठ दोनदा सुटली. नदीवरचा वारा बाधला का?

मत देणं ही फार गुंतागुंतीची गोष्ट असते, हेप्सी. देशाचं हित असतं, शहरांची तहान असते. कधी कधी आपल्या माणसाचं भलं त्याला न विचारता करावं लागतं. व्हिटबीच्या घराला रंग द्यायला सांगितलाय. निळा. तुला निळा आवडतो असं मी धरून चाललोय. एकदा तिथली हवा मानवली की तू स्वतःच म्हणशील, की

घंटा वाजली. लोकर बघतो आणि पळतो. परत येऊन पुरं करतो.

(आहे तसंच टाकतोय. पुरं करायची मनःस्थिती नाही. ऑ.)


काळा मेंढा, थॉर्नबेक,
१ मार्च

प्रिय ऑझी,

विधेयक पडलं! एका मतानं पडलं! काल सकाळी रेडिओवर सांगितलं, की सरकार पक्षातला एकच माणूस विरोधात गेला, आणि तो थॉर्नबेकचा ऑसवल्ड मेटकाफ.

खाणावळीतल्या सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. मग जेब म्हणाला, "दुसरा कुणी मेटकाफ असंल."

रेडिओनं पुन्हा नाव घेतलं तेव्हा कुठं लोकांना पटलं. पाद्रीबाबा घंटा वाजवायला धावले. दोर इतका ओढला की तुटून हातात आला आणि बाबा तिथंच बसकण मारून हसत बसले. म्हाताऱ्या मिसेस रेनने माझा मुका घेतला. तिनं नवऱ्याचासुद्धा कधी घेतला नसेल. मी पिंप फोडलं, ज्याला हवी त्याला बियर. अख्ख्या मंत्रिमंडळाचा पाणउतारा केलास, तोही पाण्यावरून!

तुझं अर्धवट पत्रही कालच आलं. निळा रंग दुकानदार परत घेतो का बघ.

आता सविस्तर लिही. झालं कसं हे? मनात काय आलं, पाऊल कसं उचललं, सगळं. मला अगदी तुझ्या तोंडून ऐकायचंय.

हेप्सी


लंडन,
४ मार्च

प्रिय हेप्सी,

काय लिहू! अशा गोष्टी शब्दांत सांगता येत नाहीत. माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की पक्ष, पद, मानमरातब सगळं फिकं पडतं आणि फक्त अंतरात्म्याचा आवाज ऐकू येतो. मला तो आला. दोन दारं समोर होती. मी क्षणभर थांबलो. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आपलं खोरं आलं, कळसावरचा कोंबडा आला. मग मी शांतपणे, एकेक पाऊल मोजून टाकत, डावीकडे गेलो.

आत विरोधी पक्षाची माणसं माझ्याकडे बघतच राहिली. एका धिप्पाड खाणकामगार खासदारानं मला कडकडून मिठी मारली. बरगडी अजून दुखते.

किंमत तर मोजावीच लागते. फॅनशॉ मला बघून रस्ता बदलतो. जेवणघरात माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. तेवढं एक बरं आहे, पुडिंग सगळं मलाच येतं.

गावाला सांग, मी फक्त माझं कर्तव्य केलं.

तुझा,
ऑसवल्ड


काळा मेंढा, थॉर्नबेक,
७ मार्च

प्रिय ऑझी,

तुझं पत्र मी खाणावळीत मोठ्यानं वाचून दाखवलं. अंतरात्म्याच्या ओळीला दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक तर मिसेस रेन, आणि दुसरा तो मोजणीवाला, जो आता बेकार झालाय.

पण एक गोष्ट जुळत नाही रे. तू शांतपणे गेलास म्हणतोस, आणि आपल्या जिल्ह्याच्या पेपरात छापून आलंय: 'श्री. मेटकाफ धापा टाकत शेवटच्या क्षणी आत शिरले. दारं बंद झाल्यावर ते आतून दोन्ही मुठींनी दार ठोठावत होते आणि "उघडा! अहो, दार उघडा!" अशी गर्जना करत होते. ही गर्जना सत्तेच्या बंद दारांना उद्देशून होती, असे जाणकार सांगतात.'

जाणकार सांगतात! ऑझी, मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात फडका कोंबून हसले.

पाद्रीबाबा या रविवारी दार ठोठावण्यावरच प्रवचन देणार आहेत. जेबनं आपल्या नव्या मेंढ्याचं नाव ऑसवल्ड ठेवलंय. बंद फाटकाला डोकं आपटत राहतो म्हणून. २३ तारखेला, रविवारी, गावजेवण आहे. तुझा सत्कार करायचाय. कोकरू भाजणार आहोत. त्या मेंढ्याला हात लावणार नाही, काळजी करू नकोस.

आणि फॅनशॉचं काय म्हणणं आहे? ही माणसं नुसती रुसून बसणारी नव्हेत. काहीतरी घेऊन येतील तुझ्याकडे. आलं की मला कळव.

हेप्सी


लंडन,
१३ मार्च

प्रिय हेप्सी,

मला खोटं बोलता येतं, पण टिकवता येत नाही. तुला ते लहानपणापासून ठाऊक आहे.

अंतरात्मा वगैरे काही नव्हतं. मला 'हो'मध्ये जायचं होतं. होय, धरणाच्या बाजूनं. वाचनालयातून धावत आलो, दारं लावायची वेळ झालेली, पुढे एकही ओळखीचं डोकं नाही. बाही वर केली, लाल दिसलं, लाल तो उजवा, त्या बाजूला वळलो नि घुसलो. आत बघतो तर सगळे आपले शत्रू. दार ठोठावलं ते बाहेर पडायला. गर्जना कसली, मी रडकुंडीला आलो होतो. लोकर तू स्वतः बांधून दिली होतीस, मी ती बघूनच वळलो, मग चुकलो कसा? रोज तेच आठवत बसतो. कळत नाही.

तू म्हणालीस तसंच झालं. मुख्य प्रतोदांनी काल खोलीत बोलावून ब्रँडी दिली. त्यांनी ब्रँडी दिली की मान सांभाळावी म्हणतात. सोमवारी सभागृहात उभं राहून मी वैयक्तिक निवेदन करायचं. दार चुकलं, मत चुकून पडलं, एवढंच. अशा निवेदनाला मध्ये कुणी टोकत नाही, सगळे चिडीचूप ऐकतात, अशी इथली रीत आहे. मी तेवढं म्हटलं की त्यांना विधेयक पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणायला तोंड मिळतं. आणि मत्स्यखातं मला.

मी हो म्हणालोय, हेप्सी.

तुला राग येईल. पण बावीस वर्षं मागच्या बाकावर बसून पुढच्यांच्या पाठी बघणं काय असतं ते तुला कसं सांगू? कोटांच्या पाठींवरून मी माणसं ओळखतो. एकदा, एकदाच, पुढच्या बाकावर बसून मला त्यांचे चेहरे बघायचेत. मला हवंय गं ते. मासे तर मासे. आणि धरण आज नाही तर उद्या होणारच. मग खोऱ्याबरोबर मलाही कशाला बुडवायचं?

गावजेवण रद्द करायला सांग. काहीतरी कारण काढ.

ऑसवल्ड


काळा मेंढा, थॉर्नबेक,
१४ मार्च

ऑझी,

तू चुकला नाहीस. मी चुकवलं.

त्या दिवशी सज्ज्यावर फॅनशॉ मासे-मासे करत बसला, तेव्हा व्हिटबीची हवा का कोरडी झाली ते मला कळलं. तो उठून गेला, मी पर्समधून लोकर काढली. तू दोन्ही हात पुढे केलेस, लहानपणी आईपुढे करायचास तसे, आणि म्हणालास, "उजवा कुठला ते नीट बघ हं." बघितला. अगदी नीट बघितला. आणि दुसऱ्याला बांधली. गाठ दोनदा सुटली ती वाऱ्यानं नव्हे.

पश्चात्ताप होतो का म्हणशील, तर दोनतीनदा शोधला. सापडला नाही.

आता सोमवारचं. तू उभा राहून काय सांगायचं ते सांग. मी पेपरवाल्याला लिहिणार नाही, गावात बोलणार नाही, गावजेवणाचं कारणही मीच काढीन. तुला धाक घातला तर तीही माझीच लोकर होईल, आणि तू पुन्हा माझ्याच ओढीनं चालशील. तुझं वय आता सत्तावन्न आहे. एकदा तरी कुणाच्या टकलामागून नाही, कुणाच्या लोकरीनं नाही, आपल्या पायांनी जाऊन बघ कसं वाटतं.

पण माझं म्हणणं तुला माहीत असलेलं बरं. मला इथून जायचं नाही. याच घरात मी नांदले, याच घरात माझा नवरा गेला, त्याच्या खुर्चीच्या पायांनी फरशीला खळगे पडलेत आणि मी ते रोज झाडते. व्हिटबीला मी मरणार नाही, पण जगणारही नाही. समुद्र बघत बसायला मला सवड नाही आणि हौसही नाही. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नव्हतं. बावीस वर्षांत एक पत्रसुद्धा कामाचं लिहिलं नव्हतं. आता मागते. माझं घर राहू दे, ऑझी.

तुला पुढचा बाक हवा आहे, मला माझी चूल हवी आहे. दोन्ही होत नाही. काय ते तू बघ.

हेप्सी


लंडन,
१८ मार्च

प्रिय हेप्सी,

रेडिओवर ऐकलंच असशील, तरी माझ्याकडून ऐक.

काल सभापतींनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. खिशात मुख्य प्रतोदांनी लिहून दिलेला कागद.  एवढी माणसं माझ्याकडे तोंड करून बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पुढच्या बाकांवरचेसुद्धा सगळे वळून बघत होते, आणि तुला सांगतो, त्यांचे चेहरे पाठींपेक्षा काही खास नव्हते.

मी कागद काढला नाही. म्हणालो, "सभापती महोदय, २७ फेब्रुवारीला मी कुठल्या दारानं गेलो याबद्दल बरंच बोललं जातंय. मला एवढंच सांगायचंय, की ते दार बरोबर होतं." आणि बसलो. माझं तिसरं भाषण.

त्या खाणकामगारानं बाकावर मूठ आपटली. फॅनशॉचं तोंड उघडं ते उघडंच. मत्स्यखातं आज दुसऱ्याला मिळालं. त्याला मासे खाल्ले की अंगावर गांधी उठतात असं ऐकतो. कर्नल पार्जिटर वरच्या सभागृहातून मुद्दाम खाली आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मेटकाफ, तुम्ही इतकी वर्षं माझ्या मागून चालत होता, हे मला आज कळतंय. कधी तरी हाक मारायचीत." मला फार बरं वाटलं. थोडं रडूही आलं.

आता तुला एक गंमत सांगतो. तुला वाटतं, तू मला फसवलंस. अगं, त्या दुपारी वाचनालयात मी तुलाच पत्र लिहीत बसलो होतो ना? पेन एका हातात, लोकर दुसऱ्या हाताला. पेन ज्या हातात तो उजवा, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे लोकर डाव्याला आहे हे मला तिथंच दिसलं. मला माहीत होतं, हेप्सी. आधीपासून माहीत होतं. तरी गेलो. ते मागचं पत्र तुझी परीक्षा बघायला लिहिलं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो.

तुझा,
ऑझी


काळा मेंढा, थॉर्नबेक,
२० मार्च

माझ्या थापाड्या ऑझी,

रेडिओ ऐकताना सगळी खाणावळ उभी होती. तू दार बरोबर होतं म्हणालास हे बातमीत आलं तेव्हा जेबनं टोपी काढली आणि म्हणाला, "हा मातर आपलाच मेटकाफ." बोटीसाठी आणलेल्या फळ्यांची त्यानं गावजेवणाला टेबलं केलीत. मोजणीवाले वरच्या खडकाळ खोऱ्याकडे गेले. तो बेकार झालेला पुन्हा कामाला लागला, जाताना खुंट्या उपटून घेऊन गेला.

मी ओट्याला धरून उभी होते.  रात्री झाडू घेऊन ते खळगे झाडले आणि पोटभर रडले. तुला हे सांगायला मला लाज वाटत नाही.

फेब्रुवारीतलं मत माझं होतं, ऑझी. ते मी तुझ्या पायांनी जाऊन दिलं. सोमवार मात्र तुझा. तो माझ्यानं बांधून देता आला नसता. आईनं बघायला हवं होतं.

पण ते पेनचं काय काढलंस रे? गावजेवणात खुशाल सांग, लोक माना डोलावतील, मीही डोलावीन. माझ्यासमोर एकटा असताना मात्र सांगू नकोस. तू डावखुरा आहेस! मास्तर म्हणायचे, "लिहितो तो उजवा हात," आणि तू डाव्यानं लिहायचास, त्यालाच उजवा समजून बसलास. म्हणून तर आईला लोकर बांधावी लागली. त्या दुपारी पेन आणि लोकर एकाच हाताला होती. आणि अजूनही शंका असेल तर हे तुझं ताजं पत्र माझ्यासमोर आहे. सगळं स्वच्छ वाचता येतं, फक्त 'मला माहीत होतं' एवढी ओळ तू डाव्या तळव्यानं पार फासून टाकली आहेस.

रविवारी ये. कोकरू आहे, आल्याचा केक आहे, मिसेस रेनपासून जपून राहा. स्टेशनातून बाहेर पडलास की गावाचा रस्ता उजवीकडे.

नको, राहू दे. तिथंच उभा राहा. जेबला पाठवते.

तुझी,
हेप्सी